थायरॉईडची गोळी सुरू झाली, मनाचं काय? (इंदूरकरांसाठी धागा)

रामबागची_गल्ली
रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन; ग्रंथी मंदावली की ते वाढतं) वाढलेलं निघतं, डॉक्टर लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईड हार्मोनची गोळी, लिहून देतात, सकाळी उपाशीपोटी घ्या म्हणतात आणि उठता उठता सांगतात, "आयुष्यभर घ्यावी लागेल." सगळी गडबड त्या एका शब्दापासून सुरू होते. गोळीची माहिती कुठेही मिळते. पण उदासी, चिडचिड, "आपण आता कायमचे आजारी" ही भावना, घरच्यांची बोलणी, यांचं काय करायचं हे कुणी सांगत नाही.

धाग्याला एकच अट. "माझं असं झालं, माझ्या नणंदेचं तसं झालं" हे नको. त्याने नवीन माणूस घाबरतो आणि त्याच्या हाती काही लागत नाही. काय करायचं, किती, कधी, कुठे चुकतं, तेवढं लिहा. विषय फक्त हायपोथायरॉईड, म्हणजे थायरॉईड ग्रंथी मंदावणं. पीसीओएस आणि मधुमेहासाठी वेगळे धागे काढू.

शांत_दुपार
आधी दोन कॅलेंडरं वेगळी करा. एक रक्ताचं, एक मनाचं.

रक्ताचं कॅलेंडर ठरलेलं आहे. लेव्होथायरॉक्सिनचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, साधारण ७ दिवसांचं. म्हणजे डोस सुरू केला किंवा बदलला की रक्तातली पातळी स्थिर व्हायला ५-६ आठवडे लागतात, आणि म्हणूनच पुढची टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी करतात. दहाव्या दिवशी "काहीच फरक नाही" म्हणून खचण्यात अर्थ नाही. त्या दिवशी फरक दिसणं अपेक्षितच नसतं.

मनाचं कॅलेंडर तीन धाग्यांचं असतं आणि ते एकमेकांत गुंतलेले असतात.

पहिला धागा हार्मोनचा. विचार संथ होणं, शब्द न आठवणं, दिवसभर झापड, आणि सोबत थंडी वाजणं, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, घोगरा आवाज. उदासी या शरीराच्या लक्षणांबरोबर हातात हात घालून आली असेल तर ती डोस बसला की बरीचशी उतरते.

दुसरा धागा बातमीचा. राग, "मलाच का", गोळीवर अवलंबून राहण्याची लाज, भविष्याची भीती. टीएसएच २ वर आलं तरी हा धागा आपोआप सुटत नाही, कारण तो गळ्यातल्या ग्रंथीतून निघालेलाच नाही. तो बोलावा लागतो, लिहावा लागतो.

तिसरा धागा दुसऱ्याच कुठल्या कारणाचा. बी-१२ कमी (शाकाहारी घरांत हे फार सापडतं), लोह कमी, ड जीवनसत्त्व कमी, झोपेत घोरून श्वास अडकणं, किंवा स्वतंत्र नैराश्य. हा सगळ्यात जास्त निसटतो, कारण एकदा थायरॉईड सापडलं की घरचे आणि कधीकधी डॉक्टरही सगळं त्याच्याच खात्यात टाकतात.

माळवा_एक्सप्रेस
तीन धागे वेगळे ओळखायचे कसे? बाहेरून तर सगळं सारखंच दिसतं.

शांत_दुपार
वही घ्या, दोनशे पानी नको, चाळीस पानी पुरे. रोज रात्री तीन आकडे लिहायचे, ० ते १० मध्ये: अंगातली ताकद, मनाची उभारी, झोप. पुढे एक ओळ: आज काय केलं. बास. ६ आठवडे.

मग पाहायचं. ताकद आणि उभारी एकत्र वर सरकत असतील तर हार्मोनचा भाग मोठा होता. ताकद ३ वरून ७ वर गेली पण उभारी ३ वरच खिळली, तर बातमीचा धागा किंवा नैराश्य. दोन्ही जागेवरच आणि टीएसएच मात्र मर्यादेत, तर बी-१२, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व यांचं डॉक्टरांशी बोला.

दर दोन आठवड्यांनी पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची यादी भरा, हिंदीतही मिळते. एकूण गुण ० ते २७. १० किंवा जास्त आले तर तो कागद डॉक्टरांपुढे ठेवायचा. मात्र नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे शून्याशिवाय काहीही आलं तर एकूण बेरीज कितीही कमी असो, दोन आठवडे थांबायचं नाही.

वहीत एक चूक नेहमी होते. लोक वाईट दिवशीच लिहितात, चांगल्या दिवशी विसरतात. महिन्याने वही उघडली की आयुष्य होतं त्यापेक्षा काळं दिसतं. म्हणून आकडा रोज, अगदी ८ असला तरी.

औषधांचं_कपाट
औषधांच्या काउंटरमागून दिसणारी बाजू लिहितो. "गोळी घेऊनही मन लागत नाही" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची गोळी पोटात जाते, पण रक्तात पोचत नाही. आणि माणूस दोष देतो स्वतःच्या मनाला.

आपल्या गावाची सकाळ या गोळीच्या मुळावरच आहे. उठल्या उठल्या चहा, अर्ध्या तासात पोहे-जलेबी. गोळी साध्या पाण्याबरोबर, आणि चहासकट बाकी सगळं निदान ३० मिनिटांनी, जमलं तर ६० मिनिटांनी. चहाच्या घोटाबरोबर गिळलेली गोळी नीट शोषली जात नाही.

कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या ४ तास लांब. ॲसिडिटीची ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल रोज सुरू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, शोषण कमी होतं.

सोयाबीन. हे इंदुरात मुद्दाम सांगायला हवं. देशाची सोयाबीन संशोधन संस्थाच इथे आहे आणि सोयावडी, सोया दूध, कणकेत सोयापीठ हे घरोघरी. सोया बंद करायची गरज नाही, फक्त गोळीपासून काही तास दूर ठेवा आणि प्रमाण दर आठवड्याला बदलू नका. पंधरा दिवस भरपूर, पंधरा दिवस शून्य, असं केलं की टीएसएच झोपाळ्यासारखं हलतं आणि मूडही.

रात्री घ्यायचा पर्याय चांगला आहे, पण अट अशी की शेवटच्या खाण्याला ३ तास झालेले हवेत. आता सांगा, रात्री साडेदहाला सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस आणि गराडू खाणाऱ्याने गोळी किती वाजता घ्यायची? तो पर्याय वेळेवर जेवणाऱ्या घरांसाठी.

बाटली स्वयंपाकघरात शेगडीजवळ नको, बाथरूममध्ये नको. उष्णता, ओल आणि उजेड तिन्ही तिला मानवत नाहीत आणि आपला मे महिना चाळिशीपार जातो. आठवड्याची डबी भरली तर चालेल, दोन महिन्यांची भरून ठेवू नका. आणि कंपनी सारखी बदलू नका. बदलावीच लागली तर ६-८ आठवड्यांनी टीएसएच.

सेव_परमल
भिया, एवढं सगळं पाळायचं म्हणजे त्याचंच टेन्शन. गोळी चुकली की दिवसभर डोक्यात तेच फिरून राहतं.

औषधांचं_कपाट
म्हणूनच ७ दिवसांचं अर्धायुष्य लक्षात ठेवायचं, ते आपल्या बाजूचं आहे. एक गोळी चुकली तर रक्तातली पातळी जेमतेम हलते. त्याच दिवशी आठवलं तर पोट रिकामं असताना घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर नेहमीची एक घ्या आणि विसरा. मनाने डोस वाढवायचा नाही. गोळी चुकल्याच्या संध्याकाळीच वाटणारी मरगळ चुकलेल्या गोळीची नसते. शरीर इतक्या लवकर हिशेब करत नाही.

इतिहासाचा_किडा
"आयुष्यभर" या शब्दाबद्दल थोडं अवांतर. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून पाहिला. त्याआधी या आजाराला उपचारच नव्हता. त्या बाई पुढे २८ वर्षं जगल्या, ७४व्या वर्षी गेल्या. आणि मन व थायरॉईडचा संबंध काही आजकालच्या लोकांनी काढलेलं फॅड नाही. १९४९ मध्ये रिचर्ड ॲशर या ब्रिटिश डॉक्टरांनी असे १४ रुग्ण नोंदवले, ज्यांना वेड लागलंय असं समजलं जात होतं आणि मुळाशी थायरॉईड निघालं. कुणी "सगळं मनाचे खेळ" म्हणालं तर सांगायला बरं.

खडा_मसाला
कांचनार गुग्गुळ आणि अश्वगंधा घेतली तर ही गोळी सुटते असं छातीठोकपणे सांगणारे वैद्य आहेत. त्यावर इथे कुणी बोलतच नाही. ॲलोपॅथीवाल्यांना आयुष्यभराचं गिऱ्हाईक हवं असतं.

औषधांचं_कपाट
बोलू या. बहुतेक मोठ्या माणसांत हायपोथायरॉईडचं कारण हाशिमोटो असतं. शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथी हळूहळू निकामी करते. ग्रंथीने बनवायचं थायरॉक्सिन बाहेरून भरून काढणं हाच उपचार. अश्वगंधेने काही जणांत थायरॉईड हार्मोन वाढतं, म्हणजे गोळीसोबत घेतली तर डोस जास्त झाल्यासारखी धडधड, हातांना कंप, झोप उडणं सुरू होतं, आणि माणूस म्हणतो "मला आता घबराटीचाही आजार झाला". यकृताला त्रास झाल्याच्याही नोंदी आहेत. घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या आणि गोळी बंद करू नका. गोळी सोडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे छान वाटतं, कारण जुना साठा हळूहळू उतरत असतो. त्या छान वाटण्यावरच "गोळी सुटली"च्या सगळ्या जाहिराती उभ्या आहेत.

गिऱ्हाइकाचं म्हणाल तर औषधांच्या कपाटातल्या सगळ्यात स्वस्त गोळ्यांपैकी ही एक आहे.

खडा_मसाला
शेवटचा मुद्दा मान्य. पहिल्या दोन-तीन आठवड्यांचं गणित कुणी सांगितलं नव्हतं.

अर्धा_कप_चहा
डॉक्टरांना नेमकं सांगायचं कसं, यावर एक मुद्दा, जो आपल्यालाच लागू आहे, पुण्यातल्यांना नाही. आपण विचार मराठीत करतो आणि दवाखान्यात हिंदीत बोलतो. मधल्या मधे अर्थ सांडतो.

"कंटाळा" हा शब्द घ्या. मराठीत कंटाळ्यात थकवा आहे, नकोसेपणा आहे, आतून रिकामं वाटणं आहे. हिंदीत त्याचं "आलस आता है" होतं. डॉक्टरांना ऐकू येतो आळस, आणि सल्ला मिळतो फिरायला जाण्याचा. त्याऐवजी "किसी चीज़ में मन नहीं लगता, जो पहले अच्छा लगता था वो भी नहीं" असं म्हणा. नैराश्याच्या तपासणीत नेमकं हेच विचारतात.

"घुसमट होते" याचं "घुटन" केलं की दम्याची चौकशी सुरू होते. "अंदर ही अंदर दबा रहता हूँ, किसी से कह नहीं पाता" म्हणा. "अंगात त्राण नाही" याचं नुसतं "कमज़ोरी" करू नका, त्यावर टॉनिक लिहून मिळतं. "जिना चढताना दोनदा थांबावं लागतं, सहा महिन्यांपूर्वी लागत नव्हतं" असं कामाच्या भाषेत सांगा.

आणि "जीव नकोसा झालाय" हे आपण उकाड्यालाही म्हणतो, म्हणून घरचे ते कानाआड करतात. खरंच तसं वाटत असेल तर डॉक्टरांपुढे अलंकार न वापरता सांगा: "मरने के ख़याल आते हैं."

शांत_दुपार
हे सोन्यासारखं आहे. जोड देतो: चार ओळींची चिठ्ठी घरूनच लिहून न्या. सध्याचा डोस आणि कधीपासून, शेवटचे दोन टीएसएच तारखांसह, सगळ्यात त्रास देणारी एकच गोष्ट, आणि आज हवं असलेलं एक उत्तर. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात. त्यात "आणखी एक सांगायचं राहिलं" हे दाराशी आठवतं आणि तेच महत्त्वाचं असतं.

नैराश्याची गोळी सुरू झाली तर थायरॉईडच्या डॉक्टरांना कळवा. सर्ट्रालिनसारख्या औषधाने काही जणांत लेव्होथायरॉक्सिनची गरज वाढते. आणि मनाच्या आजारासाठी लिथियम सुरू असेल तर उलट दिशेने, म्हणजे ते देणाऱ्या डॉक्टरांना थायरॉईडचं सांगा, कारण लिथियममुळेच हायपोथायरॉईड होऊ शकतं.

छत्रीबाग_वहिनी
घरच्यांचं काय करावं? "किती सुटलीस गं" हे वाक्य लग्नकार्यात आत्यापासून मामेसासूपर्यंत सगळ्या म्हणतात. आणि "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही."

शांत_दुपार
वहिनी, आधी आकडा जवळ ठेवा. हायपोथायरॉईडमुळे वाढणारं वजन साधारण २ ते ५ किलो, आणि त्यातही पाणी आणि मीठ साठल्याचा भाग मोठा. म्हणजे दोन गोष्टी. १५ किलो वाढले असतील तर सगळा दोष ग्रंथीवर टाकता येत नाही. आणि डोस बसल्यावर १५ किलो उतरले नाहीत तर "गोळी लागू पडत नाही" असंही नाही. या चुकीच्या अपेक्षेपायी लोक सहा महिने स्वतःला कोसत राहतात. वजन उतरवायला मनानेच डोस वाढवणं तर सरळ धोक्याचं. हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात.

उत्तरं तीन दर्जांची ठेवा. लांबच्या नातलगाला: "हो मावशी, औषध सुरू आहे. तुमचे गुडघे कसे आहेत?" विषय तिथेच वळतो, हमखास. जवळच्या पण बोचणाऱ्या माणसाला: "वजनावर बोललेलं मला त्रास देतं. तब्येत विचारा, वजन नको." आणि घरातल्या माणसाला काम द्या, कारण काम नसलं की माणूस सल्ले देतो. "सकाळचा माझा चहा साडेसातच्या आधी ठेवू नका." "दर दोन महिन्यांनी बाटली आणणं तुमच्याकडे." "आज गोळी घेतलीस का?" हे रोज विचारण्यापेक्षा हे फार बरं. रोजचा तो प्रश्न पहारा वाटतो.

माळवा_एक्सप्रेस
स्थळाला सांगायचं का? यावर घराघरांत गुप्त बैठका चालू असतात.

अर्धा_कप_चहा
सांगायचं. लपवलेली बाटली सासरी आठवडाभरही लपत नाही, आणि लपवण्याच्या ताणाने गोळ्या चुकतात, ते जास्त वाईट. दोघांचं बोलणं होईल तेव्हा, तिसऱ्या-चौथ्या भेटीत, पालकांच्या चहापोह्यांत नाही. वाक्य सरळ: "मला हायपोथायरॉईड आहे, रोज एक गोळी घेते, सहा महिन्यांनी रक्त तपासते, बाकी आयुष्यात अडचण नाही." आवाज खाली आणून, पदराआडून सांगितलं की समोरच्याला वाटतं काहीतरी भयंकर आहे.

पुढचा प्रश्न मुलाबाळांचा येतो. टीएसएच ताब्यात असेल तर गर्भधारणेला अडचण नसते. फक्त गरोदर राहण्याआधी तपासून घ्यावं. गरोदरपणात डोसची गरज सुरुवातीपासूनच वाढते, साधारण २५ ते ३० टक्के, त्यामुळे चाचणी सकारात्मक आली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन. सातव्या महिन्यातल्या डोहाळजेवणापर्यंत थांबायची ही गोष्ट नाही.

छत्रीबाग_वहिनी
हरतालिकेला पाणीही घेत नाही. गोळीचं काय? घेतली तर उपास मोडला असं वाटतं, नाही घेतली तर भीती वाटते.

औषधांचं_कपाट
दोन्हीची गरज नाही. पहाटे उपास सुरू व्हायच्या आधी घ्या. ते राहिलं तर एक दिवस गेल्याने काही होत नाही, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी एक. हे फक्त या गोळीपुरतं. स्टेरॉईड किंवा इन्शुलिनवर असणाऱ्यांनी हा सल्ला अजिबात उचलू नये, तिथे एक डोस चुकणंही जिवावर बेतू शकतं.

सेव_परमल
मन घसरलेल्या दिवशी नेमकं करायचं काय? "सकारात्मक राहा" सोडून सांगा.

शांत_दुपार
उभारी आली की करू, असं म्हणायचं नाही. उलटा क्रम आहे, आधी हालचाल, मग उभारी. पण हालचाल हास्यास्पद वाटावी इतकी लहान हवी. कपडे वाळत घालणं. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येणं. दहा मिनिटांचं घड्याळ लावा, वाजल्यावर थांबायची मुभा. करण्याआधी आणि नंतर उभारीचा आकडा लिहा. ३ चा ४ झाला तरी पुरे, तो एक आकडा पुढच्या वेळी उठवतो.

बरं वाटणारा दिवस जास्त फसवा. त्या दिवशी लोक माळा, फराळ, कपाट सगळं उरकतात आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. बऱ्या दिवशी ठरवलेल्या कामाचा दोन-तृतीयांश करा, बाकी उद्या.

सारखी टीएसएच करत राहणं हीसुद्धा चिंतेचीच सवय. ४.१ आणि ४.६ मधला फरक बहुतेक वेळा नुसता चढउतार असतो. डोस स्थिर असेल तर ६ ते १२ महिन्यांतून एकदा.

आणि मरणाचे विचार येत असतील तर वही, घड्याळ सगळं बाजूला. टेली-मानस, १४४१६, सरकारी आणि मोफत, चोवीस तास, भाषा निवडता येते. माणसाला एकटं ठेवू नका, घरातल्या गोळ्यांचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात द्या, तातडी असेल तर ११२. दिवसा एमवायची (महाराजा यशवंतराव रुग्णालयाची) मनोविकार ओपीडी आहे, बाणगंगेचं मानसिक रुग्णालय आहे. बाणगंगेच्या नावावर गावात विनोद करायची खोड आहे, त्या खोडीपायी माणसं उशिरा पोचतात.

माळवा_एक्सप्रेस
उद्या सकाळी तपासणी आहे. गोळी घेऊन जायचं की न घेता?

औषधांचं_कपाट
न घेता. गोळी घेतल्यावर काही तास एफटी-४ (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) चढलेलं दिसतं. बायोटिन असलेली केसांची गोळी चालू असेल तर ती दोन-तीन दिवस आधी बंद हवी होती, तिने आकडे खोटे येतात. घेतली असेल तर तपासणी चार दिवस पुढे ढकला. नसेल घेत तर गोळी आणि पाण्याची बाटली पिशवीत टाका, रक्त दिलं की तिथेच घ्या. पोहे घरी पोचल्यावर.